नौकेवरील ऊन पाणी

नौकेवर स्नानासाठीं ऊन पाणी कसें मिळवावें, हा आजच्या भाषणाचा विषय. तो ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना हसूं येईल. ही अडचण आपल्यांत कितीजणांना पडते? मलाहि ती साठ वर्षें पडली नव्हती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित व पदार्थविज्ञानाचीं मूलतत्त्वें शिकविलीं. उष्णतेचा धडा आला कीं घरच्या तांब्याच्या बंबाचें उदाहरण द्यावयाचें, हा माझा क्रम. नौकेशीं माझा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापुरता. परंतु सन २०२३ च्या ऑगस्टांत आम्ही उभयतां इंग्लंडांत मुलीकडे गेलों. तिचें घर तरंगतें होतें, आणि त्या घरांत ऊन पाणी नव्हतें.

हें घर कसलें, तें आधीं सांगितलें पाहिजे. इंग्लंडच्या मध्यभागांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कालव्यांचें एक जाळें खणलें गेलें. आगगाडी येण्यापूर्वीं कोळसा, लोखंड व चिनी मातीचीं भांडीं याच पाण्यावरून जात. चढउतारासाठीं जागोजाग दरवाजांचे हौद बांधलेले आहेत. त्यांना लॉक म्हणतात. त्यांतील पुष्कळांची रुंदी अवघी सात फूट. म्हणून नौकेची रुंदीहि सात फुटांहून दोन इंच कमी. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. आपल्या चाळीच्या गॅलरीला तळ व छप्पर घालून ती पाण्यांत सोडावी, तसा हा प्रकार. जुन्या काळीं मागील बाजूच्या दहा फुटी खोलींत नावाड्याचें सारें कुटुंब राही. तेथें कोळशाची एक लहान चूल, तिच्यावर किटली, आणि छपरावर गुलाबाचीं फुलें रंगविलेला पाण्याचा डबा. न्हाणीघर नव्हतेंच. पुढें मालवाहतूक खालावली व हे कालवे बुजूं लागले. एल्. टी. सी. रोल्ट या एंजिनियराचें 'नॅरो बोट' हें पुस्तक १९४४ सालीं निघालें, १९४६ सालीं इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, आणि अशा लोकांच्या खटपटीनें पुष्कळ कालवे वांचले. आतां त्यांवर कोणी हौसेनें फिरतो, तर कोणी घरभाडें परवडत नाहीं म्हणून कायमचा राहतो. आमचे जावईबापू दुसऱ्या वर्गांतले. मिल्टन कीन्स या शहराजवळ ग्रँड युनियन कालव्याच्या कांठीं त्यांची सत्तावन्न फूट लांबीची पोलादी नौका बांधलेली असते.

नौका जुनी घेतलेली. पूर्वीच्या मालकानें पाणी तापविण्याची फुटकी टाकी काढून नेली होती व तिच्या जागीं नवी बसविली नव्हती. चार वर्षांच्या नातवाचें स्नान किटलीच्या पाण्यावर चाले. दोन फूट रुंदीच्या बोळांतून माझी पत्नी उकळती किटली घेऊन जाई, आणि तिच्या पायांत तें पोर घुटमळे. एखादी नौका बाजूनें गेली कीं सारें घर हलके डुलावयाचें. दोन दिवस मीं तें पाहिलें व तिसऱ्या दिवशीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

माणसाला स्नानास काटकसरीनें वीस लिटर पाणी पुरतें. त्याची उष्णता चाळीस अंशांच्या आसपास असावी. टाकींत ५५ लिटर पाणी सत्तर अंशांपर्यंत तापविलें आणि त्यांत बारा अंशांच्या थंड पाण्याचें विसण घातलें, तर चाळीस अंशांचें सुमारें ११० लिटर पाणी होतें. म्हणजे पांच माणसांचें भागतें. आतां ५५ लिटर पाणी बारा अंशांवरून सत्तरावर न्यावयाचें म्हणजे सुमारें ३,१९० किलोकॅलरी उष्णता पाहिजे. विजेच्या मापांत ती पावणेचार युनिटें भरते.

एवढी उष्णता आणावी कोठून? मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या घरच्यासारखा विजेचा गीझर कां नको?" तिच्या समजुतीसाठीं मीं हिशेब मांडला. त्या ठिकाणीं कांठावरची वीज मिळत नाहीं. दिवे, पंप, सारें बॅटरीवर. बारा व्होल्टची, ११० अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदोपत्रीं १.३ युनिटें देते. पण शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक उपसली कीं लवकर मरते. म्हणजे एक टाकीभर पाण्यासाठीं सहा बॅटऱ्या रोज अर्ध्या रिकाम्या करावयाच्या. मुलीनें तो विषय सोडला. छपरावरील सूर्याच्या पत्र्यांनीं उन्हाळ्यांत कांहीं भर पडते. परंतु हिवाळ्यांत, जेव्हां ऊन पाणी खरोखर हवें असतें, तेव्हां त्या देशांत सूर्य दुपारीं चारच्या सुमारास मावळतो.

जावईबापूंनीं आपला बेत आधींच ठरविला होता. त्यांना कोणाकडून तरी गॅसचा जुना गीझर अगदीं स्वस्तांत मिळत होता. भिंतीवर टांगावयाचा, तोटी उघडली कीं भडका होऊन पाणी तापावयाचें. पूर्वीं अशा नौकांवर तो सर्रास असे. "बाबा, दोन तासांचें काम आहे," ते म्हणाले. तो कोठें लावणार, हें मीं विचारलें. न्हाणीच्या भिंतीवर, असें उत्तर आलें.

श्रोतेहो, या उत्तरानें माझ्या हातापायांतलें बळ गेलें. त्याचें कारण सांगण्यापूर्वीं त्या यंत्राचा थोडा हिशेब करूं. मिनिटाला सहा लिटर पाणी तीस अंशांनीं तापविणारा गीझर जळत असतांना मिनिटास सुमारें पाव घनमीटर हवा खातो. नौकेवरील ती न्हाणी चार फूट रुंद, सहा फूट लांब, साडेसहा फूट उंच. तींत एकंदर हवा साडेचार घनमीटरांहून कमी. दार लावलें, फटी बुजलेल्या असल्या, तर अठरा मिनिटांत सगळी हवा संपण्याचा हिशेब होतो. परंतु ज्योत तितका वेळ चांगली जळत नाहीं. प्राणवायु थोडा कमी झाला कीं तिचें ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघूं लागतो. सिलिंडरच्या गॅसांत मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. या वायूला मात्र रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्याला हा वायु प्राणवायूच्या दोनशेंपटीहून अधिक जोरानें चिकटतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, पाय गळतात. स्नान करणाराला वाटतें, ऊन पाण्याची ग्लानि आली. दाराला हात घालावा ही बुद्धि होईपर्यंत हातांत शक्ति उरत नाहीं. मुंबई, पुणें, नाशिक येथील वर्तमानपत्रांत हिवाळ्यामध्यें न्हाणीघरांतील अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचल्या असतील.

आमच्या घरीं तशी बातमी होतां होतां राहिली. आम्ही भाड्याच्या जागेंत होतों. न्हाणीघरांत गॅसचा गीझर होता. बसविणारा माणूस म्हणाला, वरची झडपांची खिडकी उघडी आहे तेवढी पुरे. जानेवारीचा महिना होता. पत्नी स्नानास गेली ती अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. हाक मारली, उत्तर नाहीं; आंत पाणी पडण्याचा आवाज मात्र चालू. शेजाऱ्याच्या मदतीनें कडी तोडली, तों ती जमिनीवर पडलेली. इस्पितळांत प्राणवायु दिल्यावर ती शुद्धीवर आली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "गॅसचा गीझर आहे काय?"

घरांत ही हकीकत सर्वांना ठाऊक होती. परंतु त्यांतला एक भाग मीं कोणासहि सांगितला नव्हता, तो त्या संध्याकाळीं नौकेंत सांगितला. गार वारा येतो म्हणून आदल्या आठवड्यांत त्या खिडकीच्या झडपांवर खळ लावून कागद मींच चिकटवला होता. इस्पितळांतून परत आल्याबरोबर मीं तो फाडून टाकला. पुढें कोणी विचारलें कीं, "यंत्र सदोष होतें," एवढेंच म्हणत आलों. पदार्थविज्ञान शिकविणारा मी! ज्वलनास हवा लागते हें मेणबत्तीवर पेला पालथा घालून वर्गांत दरवर्षीं दाखविलें होतें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग माझी पत्नी म्हणाली, "मला ठाऊक होतें. उत्तरपत्रिकांचे कागद होते. आपल्या घरांत तसले कागद दुसऱ्या कोणाकडे असणार?" तिनें तें इतकीं वर्षें मला कळूं दिलें नव्हतें. जावईबापूंनीं तो गीझर घेतला नाहीं.

येथें ज्यांच्या घरीं गॅसचा गीझर आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द बोलून मग नौकेकडे वळतों. हें यंत्र न्हाणीघरांत नसावें. बाहेर मोकळ्या हवेंत टांगून केवळ ऊन पाण्याची नळी आंत घ्यावी. तशी सोय होईपर्यंत बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार उघडें ठेवून हवा पालटूं द्यावी, आणि मग स्नानास बसावें. आंत गेलेलें माणूस उत्तर देत नसेल, तर दार तोडण्यास संकोच करूं नये. त्यास उघड्यावर आणावें, गॅस बंद करावा, व शुद्धीवर आलें तरी प्राणवायूसाठीं इस्पितळांत न्यावें.

गॅसचा निर्दोष गीझर मुळीं नसतोच असें नव्हे. ज्याचा श्वास व उच्छ्वास दोन्ही बाहेरच होतात, म्हणजे हवा नळीनें बाहेरून येते आणि धूरहि बाहेर जातो, खोलीशीं ज्योतीचा संबंधच नाहीं, असे बंदिस्त गीझर मिळतात. आठ-आठ दिवस एकाच जागीं राहणाऱ्या व एंजिन न चालविणाऱ्या माणसानें नौकेसाठीं तो अवश्य घ्यावा. मात्र गॅसच्या नळांचें काम त्या कामाची नोंदणी असलेल्या कारागिराकडूनच करवावें. गॅस हवेहून जड. तो गळला तर नौकेच्या तळाशीं जाऊन साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा स्वतंत्र व बाहेरच्या बाजूस छिद्रें असलेला लागतो. थंडीसाठीं सिलिंडर प्रोपेनचाच हवा. ब्यूटेन शून्य अंशाच्या सुमारास वायुरूप होण्याचेंच सोडून देतो. आमच्याकडे प्रश्न पैशाचा होता, आणि नौकेच्या कुशीला नवें भोंक पाडण्याचाहि.

शिवाय एक उष्णता रोज फुकट जात होती. बॅटऱ्या भरण्यासाठीं जावईबापू दिवसाकाठीं तासभर डीझेल एंजिन चालवीत. एंजिनाला थंड ठेवणारें पाणी नौकेच्या पोलादी कुशीला जोडलेल्या एका चपट्या टाकींतून फिरतें व आपली उष्णता कालव्याला देतें. म्हणजे घरांत नातवाला किटली, आणि बाहेर कालव्यांतल्या बदकांना ऊन पाणी! ती उष्णता वाटेंत अडवावयाची, याचेंच नांव कॅलॉरिफायर. हा आपला बंबच, फक्त आंतल्या नळींत निखारे नाहींत. त्या नळीचें वेटोळें केलेलें असतें व त्यांतून एंजिनाचें ऐंशी-पंचाऐंशी अंशांचें पाणी वाहतें; भोंवतीं स्नानाचें पाणी, आणि त्यावर उष्णता न जाऊं देणाऱ्या फेसाचा जाड अंगरखा. एंजिनाच्या पाण्यांत गोठण-विरोधी द्रव्य असतें. तें पोटांत जाण्याजोगें नाहीं. पण दोन पाण्यांचा स्पर्श होत नाहीं. ज्योत नाहीं, म्हणून न्हाणींत धूर नाहीं. सकाळीं तापविलेलें पाणी रात्रीपर्यंत कामास येतें.

आम्ही ५५ लिटरची, तांब्याची, आडवी, दोन वेटोळ्यांची टाकी घेतली. दुसऱ्या वेटोळ्याची किंमत थोडी अधिक पडते; पण पुढेंमागें दुसरी भट्टी जोडतां येते. याशिवाय विजेचा एक किलोवॅटचा गजहि तींत होता. कधीं कांठाची वीज मिळाली तर तो पावणेचार तासांत तेंच काम करतो.

बसविण्याचें काम सासरे-जावयांनीं मिळून पांच दिवसांत केलें. पहिला दिवस जागा ठरविण्यांतच गेला. टाकी एंजिनाच्या जितकी जवळ तितकी बरी, नळी लांबली कीं उष्णता वाटेंत सांडते. भरलेली टाकी साठ-सत्तर किलोची; बॅटऱ्यांच्या बाजूस ठेवली तर नौका कलली असती. म्हणून समोरच्या बाजूस, खालीं, लांकडाच्या घडवंचीवर पट्ट्यांनीं आवळून बसविली. वेटोळ्याचीं तोंडें एंजिनाच्या पाण्याच्या झांकणापेक्षां खालच्या पातळीवर असावीं, म्हणजे नळींतील हवा आपोआप वर निघून जाते.

पाणी तापलें कीं फुगतें, हा धडा आपण सर्वांनीं शाळेंत घोकला आहे. बारापासून सत्तर अंशांपर्यंत ५५ लिटरांचें सुमारें सव्वा लिटर पाणी वाढतें. बंबाला झांकण उघडें असतें म्हणून तें कळत नाहीं. बंद टाकींत त्या सव्वा लिटराला जागा दिली नाहीं तर टाकी फाटते. ऊन पाणी मागें थंड टाकींत शिरूं नये म्हणून थंड पाण्याच्या तोंडाशीं एकेरी झडप बसवितात; मग वाढलेल्या पाण्यासाठीं रबरी पडद्याचा लहान डबा जोडतात, आणि त्याहि उपर दाब चढला तर पाणी सोडून देणारी सुरक्षा-झडप ठेवतात. त्या झडपेची नळी, तिचें ठिबकणें डोळ्यांना दिसेल अशा जागीं सोडावी.

माझा सर्वांत अधिक आग्रह होता तो विसणाच्या तोटीचा. एंजिनाचा फेरा लांबला तर टाकी ऐंशी अंशांपर्यंत जाते. साठ अंशांचें पाणीसुद्धां कांहीं सेकंदांत कातडी भाजतें, मुलाची तर त्याहूनहि लवकर. टाकीच कमी तापवावी म्हटलें, तर कोमट सांठ्यांत लीजिओनेला नांवाचे जंतु वाढतात. म्हणून टाकींत साठ अंश किंवा अधिक, आणि तोटीपाशीं चाळीस, हीच योजना बरी. ऊन व थंड पाणी आपोआप बेतानें मिसळणारी झडप मिळते. आमच्या लहानपणीं घंगाळांत हात घालून "अजून एक तांब्या घाल" म्हणणारी आई होती. ही झडप तेंच काम मेणाच्या एका लहानशा नळकांड्यानें करते. जावईबापूंना हा खर्च पुढल्या महिन्यावर टाकावयाचा होता. तो त्याच दिवशीं झाला, आणि पैसे मीं दिले.

पांचव्या दिवशीं एंजिन सुरू केलें. तास झाला. एंजिन तापलें, पण टाकी थंडगार! वेटोळ्याकडे जाणारी नळी हातानें चांचपली. सुरुवातीला ऊन, पुढें थंड. नळींत हवा अडकली होती. जावईबापू लगेच पाण्याचें झांकण उघडावयास धांवले. मीं त्यांचा हात धरला. तापलेल्या एंजिनाचें पाणी दाबाखालीं असतें. झांकण उघडतांच तें उसळून तोंडावर येतें. आम्ही रात्रभर थांबलों. सकाळीं विजेरी घेऊन मीं नळीचा माग काढला, तों नौकेच्या एका पोलादी फांसळीवरून ती कमान करून नेलेली आढळली. कमानीच्या माथ्यावर हवा बसली होती. ती वाट मींच सुचविली होती, कारण तीस इंच नळी वांचत होती. नळी फांसळीखालून सरळ नेली, सर्वांत उंच सांधा किंचित् सैल केला. फुसफुस करून हवा गेली, मग निळसर पाणी आलें, आणि सांधा आवळला. दुपारीं न्हाणींत वाफ दिसली. पहिलें स्नान नातवाचें. त्याला किटलीची इतकी संवय झाली होती कीं तो, "आजी, पाणी आण," असेंच ओरडत राहिला.

डिसेंबरांत मुलीचा फोन आला. कालव्यावर बर्फाची पापडी धरली होती, नौका हलत नव्हती. पण जागच्याजागीं एंजिन तासभर चालवून पाण्याचें भागत होतें. रात्रीं आठ ते सकाळीं आठपर्यंत एंजिन चालवूं नये असा कालव्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा निर्बंध आहे, तेव्हां स्नानें दुपारीं होऊं लागलीं. नाताळांत चार दिवस घर सोडून जातांना टाकी व नळ पूर्ण उपसून ठेवावे, ही सूचना तिनें पाळली. गोठतांना पाणी जवळजवळ अकराव्या हिश्शानें वाढतें आणि तांबें फाडतें.

दुसऱ्या वेटोळ्याचीं तोंडें अद्याप टोप्या घालून बंद आहेत. तेथें डीझेलची लहान भट्टी जोडावी, म्हणजे एंजिन न चालवितांहि पाणी तापेल, असा जावईबापूंचा विचार आहे. त्या भट्टीचा धूर कोणत्या बाजूनें बाहेर पडणार, आणि मुलाच्या बिछान्याजवळच्या खिडकीपासून तें तोंड किती फुटांवर असेल, हें नकाशा काढून आधीं कळवावें, असें पत्र मीं त्यांना धाडलें आहे.